राखेनं घासलेल्या बाटल्या

चिकलठाणा, औरंगाबाद
५ ऑगस्ट १९९५

दाजी,

वर 'तीर्थस्वरूप' नाही आणि साष्टांग नमस्कारही नाही. राहून गेलेला नाही. माझं काही राहून जात नाही, हे तुम्हाला माझ्या बहिणीशी लग्न लागल्या दिवसापासून माहीत आहे.

पडेगावचा गयास तुमच्या ओळखीचा आहे. वेरूळ-खुलताबादकडून भंगार आणि रिकाम्या बाटल्या गोळा करतो, बाटल्या आमच्या बिअरच्या कारखान्याला देतो. काल गेटवर पोती उतरवताना त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "रामकिसनभाई, बुरा मत मानो, पन ये थैला तुम्हारी आपा के घर का है."

मी पिशवी उघडली. तपकिरी काच, आमचाच माल. लेबलं भिजवून काढलेली. आतून धुतलेल्या, बाहेरून राखेनं घासलेल्या. बुडाच्या खाचेत राख तशीच होती. दाजी, पिणारा माणूस बाटली घासत बसत नाही. तो ती जिथं संपली तिथं लवंडून देतो. मग ह्या घासल्या कोणी? ते हात मला ओळखू येतात. लहानपणी आमच्या घरची भांडी अशीच निघायची, फक्त बुडाला थोडी राख राहायची, आणि आई अक्काला त्यावरूनच बोलायची.

तुम्ही गळ्यात माळ घालता. घृष्णेश्वराच्या वाटेवर बेल-फुलं विकता. आणि ऐन श्रावणात माझ्या अक्काला स्वतःच्या बाटल्या घासायला लावता!

तुम्ही म्हणाल, बिअरच्या कारखान्यातल्या माणसानं हे बोलावं का? बोलावं. त्यानंच बोलावं. मी मॅट्रिक नापास, बाटल्या धुण्याच्या मशिनीवर लागलो होतो. जव भिजवण्यापासून बूच बसेपर्यंतचं सगळं डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो; कोणी हात धरून शिकवलं नाही. आज साप्ताहिकात पिणाऱ्यांचे प्रश्न येतात आणि उत्तरं मी देतो. फुलंब्रीचा कडूबा विचारतो, बाटली पाण्यात उलटी धरली की ग्लिसरीन उतरतं का? मी लिहितो, कडूबा, ते ग्लिसरीन नाही, तुझी बिअरच आहे. पाण्यापेक्षा जड म्हणून खाली बसताना दिसते. पैसे देऊन घेतलेला माल तू बादलीत सोडतोस. दुसरा विचारतो, फेस जास्त तर नशा जास्त का? मी लिहितो, फेसात हवा असते, तुमच्या बोलण्यात असते तशीच. 'तज्ज्ञांचा सल्ला घ्या' असलं पळपुटं उत्तर मी आजवर दिलेलं नाही. आणि मी स्वतः? कारखान्यात चाखतो, ते काम आहे. घरात बाटली नाही. माझ्या आशाबाईनं घासलेली तर मुळीच नाही.

हे आजपासून बंद व्हावं. या पत्राची एक प्रत तुमचे चुलते काकासाहेब यांना वेगळी पाठवत आहे. घरातल्या वडीलधाऱ्याला माहिती असावी, एवढाच हेतू.

रामकिसन


वेरूळ
९ ऑगस्ट १९९५

रामकिसनराव,

तुमची प्रत मला आलेल्या पत्राच्या आधी पोचली. काकांना बारीक अक्षर दिसत नाय, म्हणून त्यांनी ती शाळेतल्या मास्तराकडून वाचून घेतली. पारावर, चहाच्या टपरीपुढं. मास्तर 'बुडाच्या खाचेत राख' इथं थांबला आणि परत वाचला, कारण लोकांना आवडलं.

तुमचं अक्षर चांगलं आहे, असं समद्यांचं मत पडलं.

आता बेल घ्यायला आलेल्या बाया आधी माझ्या तोंडाकडं बघतात, जरा अंतरावरून वास घेतात, मग पुढच्या दुकानाला जातात. काका म्हणाले, "बद्री, एक तर बाटली सोड, नाय तर माळ उतरव." मी माळ उतरवून त्यांच्या हातात दिली.  बोलण्यासारखं तुम्ही काही शिल्लक ठेवलं होतं का?

बाटल्या माझ्या. घासणारी माझी बायको. झालं समाधान?

तुम्हाला उत्तरं द्यायची सवय आहे म्हणून एक सांगून ठेवतो. तुम्हाला इथं कोणी काही विचारलं नव्हतं. यापुढं माझा उंबरा चढू नका.

बद्रीनाथ


चिकलठाणा
१२ ऑगस्ट १९९५

अक्का,

दाजींनी लेखी कबूल केलं. माळ काढून दिली, हेही तेच लिहितात, आणि असं लिहितात जसं काही मैदान मारून आले. मला त्यात लाज दिसत नाही, माज दिसतो. बाटली सुटत नाही म्हणून माणूस माळ सोडतो! असला माणूस आपल्या आईनं पारखून घेतला होता.

गयास आणखी एक गोष्ट सांगत होता. तू पिशवी द्यायला दारात आलीस तेव्हा एक हात कमरेवर होता, आणि परत फिरताना तू भिंत धरलीस. त्याची बायको वहिदाही म्हणाली, आपा अर्धी झालीय. अक्का, ते मारतात का? मला पुराण नको. हो की नाही, एवढंच लिही.

हे पत्र घेऊन गयास टेम्पोनं येतोय. वहिदाला मुद्दाम सोबत पाठवलंय, म्हणजे पारावर आणखी एक वाचन व्हायला नको. तू कपडे बांध आणि समोरच्या सीटवर बस. मागं बसू नकोस, खुलताबादच्या घाटात हाडं खिळखिळी होतील. आशाबाईनं मागची खोली झाडून ठेवलीय. भावाचं घर आहे; कोणाची परवानगी लागत नाही.

तुझा
रामकिसन


वेरूळ
१४ ऑगस्ट

रामकिसन,

गयासभाईला आणि वहिदाला चहा पाजून परत धाडलं. गरीब बिचारे, तुझ्यापायी दोघं दारात चोरासारखे उभे होते.

मारत नायत. पीत नायत. बाटल्या माझ्या आहेत. मी पिते.

खाली बस. पाणी पी. मग पुढचं वाच.

संक्रांतीपास्नं डाव्या कुशीत कळ येते. आली की उभं राहवत नाय, बसवत नाय. इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाला खडा असंल, शहरात जाऊन पोटाचा फोटो काढा. मी म्हटलं, जाऊ सवडीनं. शेजारची सरूबाई म्हणाली, कशाला जातीस, बिअरनं मुतखडा पडतो, माझ्या भावाचा पडला. मला काही खरं वाटंना. मग म्हटलं, आपला भाऊ साऱ्या जगाला उत्तरं देतो, त्यालाच विचारावं.

पण बाईमाणसानं बिअरचं विचारायचं कसं? आणि तुला घरात काही विचारलं की तू आधी हसतोस आणि मग शाळा घेतोस. पेपरात परक्या माणसाला तरी नीट सांगत असशील, असं वाटलं. म्हणून पेपराच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. खाली नाव घातलं, फकिरा, वेरूळ. बिअरनं मुतखडा पडतो हे खरं का, आणि रोज किती घ्यावी.

आठवला का फकिरा? मला तुझं उत्तर तोंडपाठ आहे. ऐक.

"फकिराराव, लेणी कोरणाऱ्या गावात राहून एका खड्याला घाबरता? मुगाएवढा खडा असेल तर भरपूर पातळ पोटात गेल्यानं पडू शकतो. बिअरनं लघवी वाढते, हे शंभर टक्के खरं. पण निमित्त शोधणाऱ्याच्या पोटात खडा हटकून सापडतो! प्यायचीच असेल तर आजाराच्या पदराआड लपू नका. मर्दासारखी प्या."

प्याले. मर्दासारखी. नाक दाबून, कडू जहर. पहिल्या दिशी वकले, म्हटलं भावानं सांगितलंय, शंभर टक्के सांगितलंय, परत प्याले. ज्या माणसानं जन्मात त्या दुकानाकडं मान वळवली नाय तो कसाबखेडा फाट्यावर जाऊन "एक थंड द्या" म्हणायला शिकला, आणि बेलाच्या पाटीखाली घालून घरी आणायचा. वाटंत कोणी बेल मागितला तर आज संपला म्हणायचा. घरात वास राहू नये म्हणून मी बाटल्या घासत होते. तुला राख दिसली. एवढी बारीक राख दिसली, रामकिसन, आणि बहीण दिसली नाय?

पारावर त्यांनी काय म्हणायला पायजे होतं? माझी बायको पिते? तू सांग. तू लई शब्द मोजून वापरतोस ना. त्या वक्ताला कोणता शब्द बसला असता ते सांग.

परवापास्नं थंडी वाजून ताप येतोय. तुला कळावं म्हणून नाय लिहीत. तुला माझ्या तब्येतीचं आणखी कोणाकडून कळलं तर तू पुन्हा कोणाला तरी प्रत पाठवशील, म्हणून लिहिते.

द्वारका


चिकलठाणा
१७ ऑगस्ट १९९५

अक्का,

काल जीप घेऊन आलो होतो. तू दार उघडलं नाहीस. दाजी ओट्यावर बसून फुलांच्या माळा ओवत होते; मी पायरीपाशी उभा राहिलो आणि त्यांनी मान वर केली नाही. समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. मी परत गेलो. जीपचं भाडं गेलं ते गेलं, पण मला दारात उभं करून तुम्ही दोघांनी काय मिळवलं?

आता माझंही ऐक. मी 'मुगाएवढा' लिहिलं होतं. मुगाएवढा! तू फोटोच काढला नाहीस, तर आत मूग आहे की बोर आहे, तुला काय माहीत? मी 'पडू शकतो' लिहिलं होतं, 'पडतोच' नाही. 'शंभर टक्के' होतं ते लघवी वाढण्याला, खडा पडण्याला नाही. एकेक वाक्य घे आणि कोणालाही दाखव, त्यात चूक निघणार नाही. रोज किती, याचं उत्तर मी मुद्दाम दिलं नाही. ते न दिलेलं तू कुठून वाचलंस? आणि 'मर्दासारखी' होतं ते फकिरासाठी. खोटं नाव तू घातलंस. तुझं नाव असतं तर मी असं लिहिलं असतं का?

वरचं लिहून झाल्यावर पत्र बाजूला ठेवलं होतं. पुन्हा घेतलंय.

थंडी वाजून ताप येतो याचा अर्थ मी कंपनीच्या डॉक्टरला विचारला. तो म्हणाला, खडा वाटेत अडकलेला असणार, मागं लघवी तुंबून किडनी फुगली असणार, आणि त्यात आता पू होत असेल तर बाई वाट बघत बसण्यासारखी नाही. किडनी जाईल. किडनीवर थांबलं तर नशीब. आमच्याकडं टाकीची नळी चोंदली आणि आतला दाब वाढायला लागला तर बुद्दू हेल्परसुद्धा वरून आणखी भरत नाही. तू महिनोन् महिने भरत राहिलीस, आणि ते माझ्या…

हे वाक्य मी पुरं करत नाही.

जे फकिराला लिहायला हवं होतं ते तुला लिहितो. डॉक्टरकडं जा. आज जा. माझ्यावर थुंक, पण जा. हे पत्र गयास आजच आणून देईल; उद्या सकाळी जीप पुन्हा येईल. मी आत बसणार नाही, हवं तर फाट्यावरच उतरतो. दार उघड, अक्का.

रामकिसन


वेरूळ
१८ ऑगस्ट

रामकिसन,

जीप आली. डायवर बाहेर उभा आहे आणि मी चुलीपाशी बसून हे लिहिते. थंडी भरलीय म्हणून अक्षर असं. तुला अक्षर खटकंल.

तुझ्या पत्राचा पहिला भाग ह्यांना वाचून दाखवला नाय. दुसरा दाखवला. ते म्हणाले, चल, आत्ता चल, मी उचलून नेतो. मीच नाय म्हणाले.

कारण ऐक. आज मी जीपमधी बसून दवाखान्यात गेले तर पारावर काय बोलतील? दारू पिऊन नवऱ्यानं लाथा घातल्या, बायकोची किडनी फोडली. कालच सरूबाईची सून नळावर म्हणाली, "मावशी, कमरेवर मारलं का हो? भावानं तर गाडी आणली होती न्यायला." झालं. तुझी राख होती, वरून तुझी जीप आली. मी मेले तर त्यांच्यावर केस होईल. जगले तरी ते जन्मभर बायकोला मारणारा दारुडा. आणि खरं सांगायला ते मला मरेपर्यंत तोंड उघडू द्यायचे नायत. मी पिते हे गावाला कळलं तर ते दुकान बंद करून कुठं तरी निघून जातील, मला ठाऊक आहे.

तू त्यांचं नाव पारावर घालवलंस, पारावरच परत आण. कसं आणायचं ते तू बघ, तू हुशार आहेस. माझं नाव न घेता आण. तोवर मी ह्या चुलीपास्नं हलत नाय. मला लई थंडी वाजतीय, तवा जास्त विचार करत बसू नको.

द्वारका


कसाबखेडा फाटा
१८ ऑगस्ट १९९५

श्री. काकासाहेब यांस,

हे पत्र जीपच्या ड्रायव्हरसोबत पाठवत आहे. आत्ताच्या आत्ता पारावर मास्तरांकडून वाचून घ्यावं. त्याच जागी, चहाच्या टपरीपुढं, आणि मागच्या वेळेइतक्याच मोठ्या आवाजात.

मी आपल्याला बद्रीनाथरावांबद्दल जे कळवलं ते धादांत खोटं आहे. बाटल्या माझ्या. मी पितो. शहरात मला लोक ओळखतात, पेपरात माझं नाव येतं, म्हणून तिथं पिण्याची सोय नव्हती. बहिणीला भेटायच्या निमित्तानं रविवारी यायचो, याच फाट्यावर बाटली घ्यायचो, आणि तिच्या परसात गोठ्यामागं बसून संपवायचो. दाजींना एक दिवस कळलं. त्यांनी माझ्या बखोटीला धरलं आणि बाहेर काढलं. माळकऱ्याच्या घरात हे चालणार नाही म्हणाले. त्याचा मला राग आला आणि मी सूड म्हणून सगळं त्यांच्यावर ढकललं. बाटल्या माझ्या बहिणीनं घासल्या, माहेरची अब्रू झाकायला. परवा जीप घेऊन आलो होतो तेव्हाही प्यालेलाच होतो, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. बरोबर केलं.

कधीपासून पितो आणि किती, ते मला आठवत नाही.

दाजींनी स्वतःवर घेतलं ते बायकोच्या भावाची बेइज्जती होऊ नये म्हणून. अशा माणसाच्या गळ्यातली माळ तुम्ही हातात घेतलीत! ती परत करा. सगळ्यांदेखत, तुमच्या हातानं घाला.

द्वारकाबाईच्या पोटात मुतखडा अडकला आहे. ती आज नवऱ्यासोबत शहरात दवाखान्यात जाईल. तिला कोणी हात लावलेला नाही. यावर नळावर किंवा पारावर कोणी तोंड उघडलं तर ते तोंड कोणाचं, ते विचारायला मी स्वतः येईन. मी पिणारा माणूस आहे. माझा काही नेम नाही.

मास्तरांना म्हणावं, कुठं थांबून परत वाचावंसं वाटलं तर जरूर वाचा.

रामकिसन


वेरूळ
१२ ऑक्टोबर १९९५

रामकिसन,

टाके सुकले. अजून वाकता येत नाय, पण चुलीपाशी पाटावर बसून भाजी निवडते, आणि सरूबाईच्या सुनेला सांगते की हळू दळ. कामं अशी तोंडानं होतात आता, तुझ्यासारखी.

डावी काढली हे तुला माहीतच आहे, तू बाहेर बाकड्यावर होतास. डॉक्टर म्हणाला, दोन महिने आधी आणली असती तर वाचली असती. दोन महिने आधी मी काय करत होते ते त्याला कोणी सांगितलं नाय. तू सांगशील अशी मला भीती होती. तू गप बसलास, ते ह्यांनी मला सांगितलं. हेही सांगितलं की त्यांनी तुला चहा आणून दिला तर तू कपाला हात लावून म्हणालास, "दाजी, गार झालाय." बायकोचं पोट फाडलेलं, आणि मेव्हणा चहाची परीक्षा घेतो! ते परत गेले आणि गरम घेऊन आले. मी असते तर तो डोक्यावर ओतला असता.

माझा राग गेला असं समजू नकोस. मी रातंदिस हिशोब लावते. तुझं उत्तर, माझी लाज, सरूबाईचा भाऊ, त्यातल्या कोणापायी किती किडनी गेली. तुझ्या वाट्याला जास्त येते. भाऊ म्हणून जरा कमी धरावी म्हटलं तर पुन्हा 'मर्दासारखी' आठवतं आणि होती तेवढीच धरते.

आशाबाई सांगत होती, पेपरवाल्यानं तुझं सदर बंद केलं, कारण गयासभाईच्या भंगारातून ही बातमी शहरापर्यंत गेली. पिणाऱ्या माणसाचं पिण्यातलं ज्ञान चालत नाय म्हणे त्यांना. तू त्याच्याशी भांडलास का? भांडला नसशील. भांडला असतास तर खरं सांगावं लागलं असतं.

इकडचं ऐक. काकांनी ह्यांच्या गळ्यात माळ घातली, पारावर, समद्यांपुढं. हे रडले. बेल आता सकाळीच संपतो. पहिल्या दिशी लोक म्हणत होते, रामकिसन रविवारी येत होता? आम्ही तर त्याला कधी बघितलं नाय. मग चहावाला म्हणाला, मी बघितलंय, गोठ्यामागं, शर्टाची बटणं उघडी. मग मास्तर म्हणाला, मीही. आता निम्म्या गावानं तुला बघितलंय. एकानं तर तुला उचलून फाट्यापर्यंत नेलाय. तू त्याच्या अंगावर वकलास म्हणे.

दिवाळीला ये. भाऊबीजेला ओवाळीन. आत येताना ह्यांच्या पाया पड, ओट्यावर, लोकांच्या देखत. आणि थोडा लटपटत ये.

नळावर बाया अजून विचारतात, "द्वारकाबाई, भाऊ सुधारला का? का अजून पितो?"

मी म्हणते, पितो. लई पितो.

द्वारका